घरच्या ग्रुपवर अहिंसेवरून वाद पेटला तर तो नीट कसा घालायचा

२८ मे, २ ऑक्टोबर आणि ३० जानेवारी, या तीन तारखांना आमच्या घरच्या ग्रुपवर हमखास भांडण होतं. कुणीतरी गांधींवर फॉरवर्ड टाकतं, कुणीतरी सावरकरांवर टाकतं, मग दोन भाऊ महिनाभर एकमेकांशी बोलत नाहीत. वाद टाळा असं मी सांगणार नाही, हा वाद महत्त्वाचा आहे आणि तो आपल्या महाराष्ट्राच्या घराघरातला आहे, फक्त तो खऱ्या गोष्टींवर घाला. मी कसा घालतो ते सांगतो.

सुरुवात श्लोकापासून करा, कारण बहुतेक वेळा ठिणगी तिथेच पडते. "अहिंसा परमो धर्मः, धर्महिंसा तथैव च", म्हणजे अहिंसा हा परम धर्म आणि धर्मासाठी केलेली हिंसाही तशीच, आणि खाली लिहिलेलं असतं की गांधींनी अर्धाच श्लोक सांगून हिंदूंना दुबळं केलं. माझ्या काकांनी हे पाठवलं तेव्हा मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही, रविवारी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं काका चला लायब्ररीत, दोघं मिळून शोधू. अनुशासनपर्व काढलं. भीष्म युधिष्ठिराला मांस का खाऊ नये ते सांगतायत तिथे ओळ सापडली, "अहिंसा परमो धर्मस्तथाहिंसा परो दमः", आणि लगेच पुढे "अहिंसा परमं दानमहिंसा परमं तपः". काकांनी चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवून मागचं पान वाचलं, पुढचं पान वाचलं. धर्महिंसा कुठेच नाही. आदिपर्वातही ही ओळ आहे, दिसेल तो साप मारत सुटलेल्या रुरू नावाच्या ब्राह्मणाला डुंडुभ हा बिनविषारी साप ती ऐकवतो, पण तिथे पुढचा भाग "सर्वप्राणभृतां स्मृतः" असा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून, देशभरच्या पोथ्या ताडून जी चिकित्सक आवृत्ती केली तिच्यातही हा जोड नाही.

पण इथे थांबू नका, आणि आपण जिंकलो असं तर अजिबात वागू नका. त्याच महाभारतात शांतिपर्वात अर्जुन म्हणतो की हिंसेशिवाय जगणारा कुणी या जगात मला दिसत नाही, आणि वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध मांस विकत विकत ब्राह्मणाला धर्म शिकवतो. म्हणजे काकांना जे म्हणायचं होतं त्याला महाभारतात आधार आहे, खोट्या ओळीची गरजच नव्हती. मी त्यांना तेच सांगितलं आणि त्या दिवसापासून आमचं बोलणं बदललं.

दुसरं काम, समोरच्याचा माणूस नक्की काय म्हणाला ते त्याच्याहून आपल्याला जास्त माहीत पाहिजे. गांधी म्हणजे दुसरा गाल पुढे करा, एवढंच धरून भांडू नका. याच गांधींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव पायपीट केली, ऑगस्ट १९२० मध्ये स्वच्छ लिहिलं की भेकडपणा आणि हिंसा एवढेच दोन पर्याय असतील तर मी हिंसेचा सल्ला देईन, आणि १९२८ मध्ये आश्रमातलं तडफडणारं वासरू इंजेक्शन देऊन मारायला सांगितलं म्हणून लोकांच्या शिव्या खाल्ल्या. तसंच सावरकर म्हणजे नुसती हिंसा असंही धरू नका. त्यांचा राग आत्यंतिक अहिंसेवर होता, काळवेळ न बघता पाळलेला सद्गुण समाजाला मारक होतो याला त्यांनी सद्गुणविकृती हा शब्द दिला. आणि हे भांडण त्यांनीच सुरू केलेलं नाही. जानेवारी १९२० मध्ये टिळकांनी गांधींना लिहिलं होतं की राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नाही, बुद्धाच्या अक्रोधापेक्षा मला गीतेतलं "ये यथा मां प्रपद्यन्ते", म्हणजे जो जसा वागेल त्याच्याशी तसंच, हे जवळचं वाटतं. गांधींचं उत्तर होतं शठाशीही सत्यानेच वागायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोलले काय आणि केलं काय हे वेगवेगळं मांडा, इथे खरी राजकीय रणनीती दिसते आणि फॉरवर्डमध्ये नेमकी हीच गोष्ट कधी नसते. हिंदुत्ववादी राजकारणाने अहिंसेवर टीका केली, सावरकर १९३७ ते १९४३ हिंदुमहासभेचे अध्यक्ष असताना राजकारणाचं हिंदूकरण आणि हिंदूंचं सैनिकीकरण ही घोषणा दिली, हिंदुमहासभेचेच नेते डॉ. मुंजे यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं, हे सगळं खरं. पण त्याच लोकांनी सत्याग्रहही भरपूर केलाय. संघाचे संस्थापक हेडगेवार १९२१ च्या असहकारात एक वर्षाची शिक्षा भोगून आले, १९३० मध्ये जंगल सत्याग्रहात परत तुरुंगात गेले. १९३८-३९ मध्ये निजामाविरुद्ध भागानगरचा, म्हणजे हैदराबादचा, निःशस्त्र प्रतिकार झाला, त्यात महाराष्ट्रातून तुकड्याच्या तुकड्या गेल्या आणि त्यात तुरुंगात गेलेल्यांमध्ये नथुराम गोडसेही होता. डिसेंबर १९४८ मध्ये संघाने स्वतःवरची बंदी उठवायला सत्याग्रह केला, १९५३ मध्ये श्यामाप्रसाद मुखर्जींनी काश्मीरसाठी केला, १९७५ च्या आणीबाणीत हजारो स्वयंसेवक सत्याग्रह करून आत गेले. १९८० मध्ये भाजप निघाला तेव्हा त्याने गांधीवादी समाजवाद हे शब्द घेतले, १९८४ ला दोन जागा आल्या, मग १९८९ चा राम मंदिराच्या मागणीला पाठिंबा देणारा पालमपूर ठराव, १९९० ची अडवाणींची रथयात्रा आणि ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पडली. गांधींचं नाव मात्र संघाच्या एकात्मता स्तोत्रात, म्हणजे थोरांची नावं घेणाऱ्या प्रार्थनेत, आजही म्हटलं जातं.

हे सगळं एका ओळीत मांडलं की मला जे दिसतं ते असं, गांधींसाठी अहिंसा ही श्रद्धा होती आणि हिंदुत्ववाद्यांसाठी निःशस्त्र प्रतिकार हे हत्यार होतं, सरकार बलाढ्य असताना उचलायचं आणि नंतर ठेवून द्यायचं. पण इथेही प्रामाणिक राहा, काँग्रेसमधल्या बऱ्याच लोकांसाठीही ती श्रद्धा नव्हती, १९४० मध्ये देशाच्या संरक्षणाचा प्रश्न आला तेव्हा कार्यकारिणीने गांधींना सरळ सांगितलं की आम्ही तुमच्याबरोबर तितकं पुढे येऊ शकत नाही.

मग दोन्ही बाजूंचा तर्क शेवटपर्यंत ओढून बघा. गांधींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला, तो वाचून आजही पोटात गोळा येतो. सावरकरांनी कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला सन्मानाने परत पाठवणाऱ्या शिवाजी महाराजांना दोष दिला. मला दोन्ही पटत नाही, पण दुसरं जास्त खुपतं, कारण लहानपणापासून ज्या गोष्टीचा अभिमान वाटत आला तीच चूक ठरवायला सांगणारा विचार आणखी कुठपर्यंत जाईल याला अंत नाही.

३० जानेवारीला शब्दांवर अडून बसा. कुणी गांधीवध म्हटलं की थांबवा. वध कंसाचा होतो, कीचकाचा होतो, प्रार्थनेला निघालेल्या ७८ वर्षांच्या म्हाताऱ्याचा खून होतो. सावरकर या खुनाच्या खटल्यात कोर्टात निर्दोष सुटले हे सांगा, आणि कटाची नंतर परत चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाने १९६९ च्या अहवालात त्यांच्याकडे आणि त्यांच्या गटाकडे बोट दाखवलं हेही सांगा, एक सांगून दुसरं लपवू नका.

आणि घरातल्या जुन्या माणसांना विचारा, उशीर करू नका. १९४८ मध्ये खुनानंतर, गोडसे ब्राह्मण होता म्हणून, महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, माझ्या आजीच्या माहेरचा वाडा त्यातच गेला, सातारा जिल्ह्यात. एक पितळी समई राहिली, आगीने मान वाकलेली, ती अजून काकांच्या देवघरात आहे. आजी एवढंच सांगायची की गांधी गेले त्या रात्री आमच्याकडे कुणी जेवलं नाही आणि तिसऱ्या दिवशी घर पेटलं. हे कुणी रेकॉर्ड करून ठेवलं नाही, कुणाचं नाव कुणी विचारलं नाही. तुमच्याकडे अजून कुणी असेल तर फोन समोर ठेवा, गाव विचारा, कोण आलं होतं, कुणी वाचवलं, कुठे झोपलात ते विचारा, आणि मध्ये बोलू नका.