राजीनाम्यानंतर काउंटर ऑफर आली तर या चुका टाळा

राजीनाम्याचा ईमेल गेला की वरिष्ठांचे बोलावणे येते आणि वर्षभर अडून राहिलेली पगारवाढ अचानक शक्य होते. अशा वेळी सुखावणे स्वाभाविक असले, तरी तुम्हाला थांबवण्यासाठी दिलेला हा प्रस्ताव, म्हणजेच काउंटर ऑफर, कोणाच्या अडचणीतून आला आहे हे आधी ओळखावे. काम अर्ध्यावर असताना माणूस गेला, तर नवा शोधणे, त्याला तयार करणे आणि तोवर इतरांवर भार टाकणे कंपनीला महाग पडते. प्रस्तावामागचा हेतू वाईट असतोच असे नाही. पण तुम्ही ज्या कारणासाठी निघालात, त्याचे उत्तर त्यात असेलच असेही नाही.

पहिली चूक राजीनाम्याआधीच घडते. आपण का जात आहोत आणि नेमके काय बदलले तर थांबू, हे आधी लिहून ठेवले नाही, तर बैठकीत समोर आलेला आकडाच निर्णय घेऊन टाकतो. कारण केवळ पगाराचे असेल तर प्रस्तावाचा जरूर विचार करावा (काउंटर ऑफर कधीच स्वीकारू नये, हा सरसकट सल्ला मला पटत नाही). मात्र कारण वरिष्ठांचे वागणे किंवा कामातले साचलेपण असेल, तर पगार वाढूनही ते जागचे हलत नाही.

सर्वांत महागात पडते ते तोंडी शब्दावर राजीनामा मागे घेणे. बढतीचे आश्वासन देणारे वरिष्ठ स्वतःच बदलून गेले, तर ते कोणाकडे मागणार? म्हणून नवे वेतन, ते लागू होण्याची तारीख, पदनाम आणि जबाबदाऱ्या यांचे अधिकृत पत्र मागावे. वाढ निश्चित वेतनात आहे की कामगिरीवर अवलंबून असलेल्या भागात, पुढची वार्षिक वाढच आगाऊ दिली जात आहे का, आणि एकरकमी बोनस असल्यास ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यावर तो परत करावा लागतो का, हेही स्पष्ट करून घ्यावे. पत्र हाती येईपर्यंत नव्या कंपनीला नकार कळवू नये.

हातात दुसरी नोकरी नसताना केवळ पगार वाढवून घेण्यासाठी राजीनामा देऊ नये. तो मंजूरही होतो.

बैठकीत भिडेपोटी होकार देऊन बसला असाल, तर त्याच दिवशी ईमेलने कळवावे की अंतिम निर्णय लेखी अटी पाहून, अमुक तारखेपर्यंत सांगेन. थांबायचे ठरल्यास नव्या कंपनीला रुजू होण्याच्या दिवसाची वाट पाहायला न लावता लगेच फोन करावा आणि मग ईमेल पाठवावा. जायचे ठरल्यास नकार दोन वाक्यांत द्यावा, तक्रारींची यादी वाचू नये. त्यानंतरही चर्चा लांबवली जात असेल, तर नोटीस पिरियडनुसार कामाचा शेवटचा दिवस नमूद करून एचआरला ईमेल पाठवावा आणि कामाच्या हस्तांतराचे वेळापत्रक सोबत जोडावे.