गोळीआधीचे तीन महिने

रक्ताच्या अहवालात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १३० ते १६० च्या दरम्यान आले आणि डॉक्टरांनी आधी खाणेपिणे सुधारायला सांगून तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले, तर ही मुदत मनापासून वापरावी. मात्र एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक असेल, मधुमेह असेल किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर नुसत्या पथ्यावर विसंबू नये आणि चालू असलेली कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःहून मुळीच बंद करू नये. थायरॉइड मंदावल्यानेही एलडीएल वाढते, म्हणून ती तपासणीही करून घ्यावी.

सुरुवात तेलाच्या डब्यापासून करावी. डबा फोडला त्या दिवसाची तारीख त्यावर लिहून ठेवली, की खरा खर्च कळतो. माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे चौघांच्या घरात दोन लिटर, ही मर्यादा मी मानते. तुपाचा हिशेबही हवा, कारण लहान चमचाभर तुपात सुमारे ३ ग्रॅम संपृक्त चरबी असते, आणि या चरबीमुळे रक्तातले एलडीएल उचलून घेण्याची यकृताची क्षमता कमी होते. वरणभातावर थोडेसे तूप चालेल, पण त्याशिवाय पोळीला आणि शिऱ्यालाही तूप नको.

आपल्या इंदुरात सकाळ पोह्यांनी होते, आणि पोह्यांना बोल लावण्याचे कारण नाही. वाफेवर ठेवलेले, बेताच्या तेलातले पोहे हलकेच असतात. भार पडतो तो वर पेरलेल्या मूठभर शेवेचा आणि सोबतच्या जिलेबीचा. जिरावण हा पोह्यांवरचा मसाला खुशाल भुरभुरावा, परंतु शेवेच्या जागी मोड आलेले मूग, कच्चा कांदा आणि डाळिंबाचे दाणे घालावेत. चव उतरत नाही, हे मी घरच्यांच्या ताटांवरून सांगते. सराफा बाजारातले गराडू, म्हणजे तळलेले कंद, ही मात्र हिवाळ्यात एखाद्या वेळी खाण्याची गोष्ट आहे.

कमी करण्याइतकेच वाढवणेही महत्त्वाचे आहे. हरभरा, राजमा, जव, ओट्स, भेंडी आणि पेरू यांतला विरघळणारा चोथा आतड्यातली पित्ताम्ले धरून बाहेर नेतो, आणि नवे पित्त करण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते. आपल्याच नीमचच्या मंडीत येणाऱ्या इसबगोलाचा भुसा रोज १० ग्रॅमपर्यंत, दोन वेळांत विभागून, प्रत्येक वेळी भरपूर पाण्यासोबत घ्यावा. इतर औषधांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे.

आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालावे. चालण्याने ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी एक चरबी) आणि वजन उतरते, एलडीएल मात्र थोडेच, म्हणून चाललो म्हणून कचोरी खाल्ली असे करू नये. तंबाखू आणि सिगारेट सोडावीच.

तीन महिन्यांनी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि दोन्ही अहवाल शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवावेत. एवढे करूनही आकडा खाली आला नाही, तर गोळी संकोच न करता सुरू करावी आणि हे खाणे-चालणे तिच्यासोबतही तसेच ठेवावे.