लुआ एमआयटी परवान्याची, पण तिच्यासोबत काय आलं?

वेर्ण्याच्या एका छोट्या कंपनीत लागून मला आठ महिने झाले होते. कोळंबीच्या तळ्यांवरचे एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं, चालवणारा कंट्रोलर आम्ही करत होतो. प्रत्येक तळ्याचे नियम वेगळे, आणि नियम बदलला की सी कोड पुन्हा कंपाइल. म्हणून आत स्क्रिप्टिंग भाषा, म्हणजे पुन्हा कंपाइल न करता नियम बदलता येतील अशी भाषा, बसवायचं ठरलं.

गाइल नावाची भाषा पहिल्या दिवशीच बाद. ती एलजीपीएल परवान्याची, आणि आमची मुख्य बायनरी (तयार प्रोग्रॅम) स्टॅटिक, म्हणजे सगळ्या लायब्ररी आतच जोडलेल्या. म्हणजे ग्राहकाला पुन्हा लिंक करता येईल अशी सोय द्यावी लागली असती. क्विकजेएस, एमरूबी दोन्ही एमआयटी परवान्याच्या (आपला कोड बंद ठेवू देणारा परवाना) आणि चांगल्या, पण घेतली लुआ. १९९३ साली रिओत जन्मलेली, आवृत्ती ५.० पासून एमआयटी. पोर्तुगीज अमदानीत शाळा शिकलेली माझी आजी नाव ऐकून म्हणाली, "लुआ म्हणजे चंद्र रे!" अ‍ॅरे ० ऐवजी १ पासून मोजतात म्हणून घाबरू नका, आठवड्यात हाताला बसतं.

फसलो ते भलतीकडेच. साइटवर टेक्निशियनला कमांड टाइप करता याव्यात म्हणून मी लुआच्याच कन्सोल प्रोग्रॅममध्ये, म्हणजे लुआ.सी मध्ये, आमची पंपाची बंदिस्त मॉड्यूलं जोडली. आवृत्ती ५.१. सीनियरची मेकफाइल, म्हणजे प्रोग्रॅम कसा बांधायचा ते सांगणारी फाइल, जशीच्या तशी उचलली. "चालतं रे" म्हणणारा सीनियर मिळाला की सांभाळून राहा. ५.१ मध्ये 'मेक लिनक्स' केलं की रीडलाइन नावाची लायब्ररीही लिंक होते, आणि ती जीपीएल परवान्याची, म्हणजे तिला जोडून वाटलेला कोडही खुला करावा लागतो. वर बाणाची कळ दाबली की मागची कमांड येते ना, ती तिचीच कृपा. लुआचा परवाना मी तीनदा वाचला होता, रीडलाइनचा एकदाही नाही. ग्राहकाने सगळ्या घटकांची परवान्यांसकट यादी मागितली, तेव्हा एलडीडी (प्रोग्रॅमला कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) चालवलं आणि पोटात गोळाच आला: आमचा पंपाचा कोड जीपीएलखाली खुला करा, नाहीतर हे असं कुणाला देऊ नका.

माल अजून बाहेर पडला नव्हता म्हणून वाचलो. तुम्ही ५.४ घेतलीत तर 'मेक लिनक्स'मध्ये रीडलाइन येत नाही, वेगळी मागावी लागते. तरी एलडीडी चालवाच. स्टॅटिक लिंक केलेलं त्यात दिसत नाही, तिथे लिंकरची पूर्ण कमांड वाचायची. कंटाळा येतो, पण वाचायची. आणि एमआयटी म्हणजे काहीच करायचं नाही असंही नव्हे: कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत द्यावा लागतो. आम्ही तो मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर छापला.

रीडलाइनच्या जागी बीएसडी परवान्याचं लाइननॉइज बसवलं, दोन दिवसांचं काम. कंट्रोल-आर दाबून जुनी कमांड शोधता येत नाही म्हणून टेक्निशियन अजून कुरकुरतो.