सातव्या महिन्यानंतर: छातीतली जळजळ, पायाचे गोळे आणि सूज

गरोदरपणाच्या या दिवसांतल्या बऱ्याच तक्रारी रात्रीच जास्त छळतात. जळजळीचंच घ्या. गर्भाशय जठराला वर ढकलतं, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडलेली असते. आडवं झालं की आम्ल घशाशी येतं. म्हणून रात्रीचं जेवण कमी आणि झोपेच्या दोन-तीन तास आधी. डोहाळजेवणाची भजी दुपारीच उरकावीत! उशांची चळत लावून नुसती मान दुखते. त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली पाच-सहा इंचांचे पक्के ठोकळे ठेवा. खायचा सोडा मनाने घेऊ नका, त्यात सोडियम असतं. अँटासिड डॉक्टरांना विचारून घ्या, पण लोहाच्या गोळीसोबत नको. लोह शोषलं जात नाही. कॅल्शियम आणि चहाचंही तेच. लोह आणि यांच्यात दोन तास जाऊ द्या. लोहाने शौचाला खडा होत असेल तर गोळी परस्पर बंद न करता पाणी, पालेभाज्या, पेरू वाढवा.

पोटरीत गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं नडगीकडे ओढा. पोटामुळे हात पोचत नसेल तर पंज्याला ओढणी अडकवून ओढा. बोटं पुढे ताणली तर गोळा आणखी आवळतो. गोळा सुटल्यावर पोटरी चोळा.

झोपायचं कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. डावीच कूस हवी असं नाही, उजवीही चालते. उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतो आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. जाग आली तेव्हा उताण्या असाल तर घाबरू नका, कूस बदला. उठताना आधी कुशीवर वळा, गुडघे जुळवून पाय खाली सोडा, मग हातावर भार देऊन उठा. ओटीपोटाच्या हाडांत कळ येत असेल तर सलवारही बसूनच घाला.

संध्याकाळी घोटे सुजतातच. पाय उंचावर ठेवा. पाणी तोडू नका, मीठही एकदम बंद करू नका.

मात्र चेहरा-हात अचानक सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, बरगड्यांखाली दुखतंय किंवा रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त झालाय, तर लगेच दवाखाना गाठा. एकच पाय सुजून दुखत असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल तरीही सकाळची वाट पाहू नका. पुरळ नसताना तळहात-तळपायांना खाज सुटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. यकृताची तपासणी करावी लागते.