चौरस हा आयतच, पण प्रत्येक आयत चौरस नव्हे: चौकोनांच्या नात्यात या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी आठवी-नववीची पाच-सहा मुलं गणिताला येतात. घरी मराठी, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी आणि गल्लीत तिन्हींची भेळ. चौकोनांचा धडा निघाला की दर वर्षी गाडी त्याच जागी अडते. "काकू, चौरसाला आयत कसं म्हणायचं? आयत तर लांबट असतो ना!"

बडोद्यात या गोंधळाला भाषेचंही खतपाणी मिळतं. गुजरातीत आयताला 'लंबचोरस' म्हणतात. ते ऐकून मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं, की चोरस हा मूळपुरुष आणि त्याला ओढून लांब केला की लंबचोरस. वंशावळच उलटी! आयताची अट एवढीच, की चारही कोन काटकोन हवेत. लांबी-रुंदी वेगळी हवी असं तिच्यात कुठेही नाही. चौरस ही अट पाळतो आणि वर चारही बाजू समान ठेवतो. दांडिया बाजारात राहणारा प्रत्येक जण बडोदेकर, पण मांजलपूरवालेही बडोदेकरच की.

मुलांना मी यावरून कधी हसत नाही. सुमारे २३०० वर्षांपूर्वी युक्लिडनेही आयताची व्याख्या 'काटकोनी, पण समभुज नसलेला' अशीच केली होती. म्हणजे त्याच्या हिशेबात चौरस आयतांत बसत नव्हता. आजची पुस्तकं चौरसाला आत घेतात ते सोयीसाठी. आयताचे कर्ण समान असतात हे एकदा सिद्ध केलं, की चौरसासाठी पुन्हा कागद खराब करावा लागत नाही.

हे फळ्यावर समजावून थकले, तेव्हा एका दिवाळीत मुलांना सरळ स्वयंपाकघरात नेलं. शंकरपाळ्याची पोळी लाटलेली होती. कातण्याने दोन-दोन सेंटिमीटरवर उभ्या रेघा मारल्या, मग तेवढ्याच अंतरावर तिरक्या. कडेचे सोडले तर पडलेला प्रत्येक तुकडा समभुज चौकोन. का? समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची. इथे दोन्हीकडून उंची दोनच सेंटिमीटर आणि क्षेत्रफळ एकच, तेव्हा दोन्ही पायेही सारखेच निघणार. मग दुसऱ्या पोळीवर तिरक्या रेघा हळूहळू सरळ करत नेल्या. पार काटकोनात आल्या तेव्हा चौरस पडले. कातणं तेच, अंतर तेच, नियम तोच. मी विचारलं, "आता हे समभुज राहिले नाहीत का?" एक जण म्हणाला, "राहिले, पण शंकरपाळ्यासारखे दिसत नाहीत." खरी चूक हीच, दिसण्यावरून नाव देण्याची. चौरस टोकावर उभा केला की अर्धा वर्ग त्याला पत्त्यातली चौकट म्हणतो आणि चौरसांतून बाहेर काढतो.

अंतरं वेगळी ठेवलीत, उभी दोनवर आणि तिरकी तीनवर, तर समांतरभुज चौकोन पडतात. त्याच रेघा काटकोनात आणल्या की आयत.

दुसरी चूक गुणधर्म उलटे वाचण्याची. समांतरभुज चौकोनाला जे लागू, ते त्याच्या पोटातल्या आयत, समभुज चौकोन आणि चौरस या तिघांनाही लागू. उलट दिशेने मात्र प्रत्येक वेळी तपासावं लागतं. ही चूक मुलंच करतात असंही नाही. आमच्या खिडकीला काच बसवायची होती. मी टेप लावला: वर-खाली १२० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना ९०. समोरासमोरच्या बाजू सारख्या, म्हणजे आयत, असं धरून काच कापून आणली. ती बसेना. मग कर्ण मोजले. एक १५१.६ भरला, दुसरा १४८.४. खरा आयत असता तर दोन्ही १५० भरले असते. चौकट वरून दोन सेंटिमीटर कलली होती, म्हणजे तो निव्वळ समांतरभुज चौकोन होता. सुताराने नंतर कोपऱ्यात काटकोन तपासायचा गुण्या धरला आणि माझ्याकडे पाहिलं. बोलला काही नाही.

'कर्ण समान, म्हणजे आयत' हेही तितकंच फसवं. बादलीचं चित्र काढा, वर रुंद, खाली अरुंद, दोन्ही कडा सारख्या कललेल्या. कर्ण समान येतील, काटकोन एकही नसेल. म्हणून आधी समांतरभुज असल्याची खात्री, म्हणजे संमुख बाजू समान, आणि मग समान कर्ण. दोन्ही मोजमापं लागतात.

पतंगाचं तर आमच्याकडे विचारूच नका. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, आभाळ भरून पतंग, आणि धड्यातला पतंग त्यांतल्या कशासारखाच दिसत नाही! गच्चीवरचा कागदी पतंग बराचसा टोकावर उभा केलेल्या चौरसासारखा असतो. गणितातल्या पतंगाला लगतच्या समान बाजूंच्या दोन जोड्या पुरतात. ढढ्ढा, म्हणजे पतंगाची मधली उभी काडी, हा एक कर्ण धरा. दुसरा कर्ण कमानीच्या दोन टोकांमधला, कमान वाकलेली असते म्हणून तो मनाने सरळ काढायचा. ढढ्ढा त्याला काटकोनात दुभागतो, पण स्वतः दुभागला जाईलच असं नाही. दोघेही एकमेकांना दुभागू लागले की तो पतंग समभुज चौकोन झाला. त्यामुळे 'कर्ण काटकोनात छेदतात, म्हणून समभुज' असं लिहिलं की गुण गेलेच.

राहिला समलंब चौकोन. पोळीच्या कडा आधी सरळ कापल्या असतील, तर कडेच्या पट्टीत असे तुकडे मिळतात: दोन बाजू समांतर, तिसरी कातण्याची आणि चौथी कडेची, वेगळ्याच कलाची. कड चुकून कातण्याच्या रेघेला समांतर गेली तर? काही पुस्तकं 'समांतर बाजूंची एकच जोडी' म्हणतात, त्यांच्या लेखी तो तुकडा समलंब उरला नाही. काही 'निदान एक जोडी' म्हणतात, त्यांच्या लेखी तो समांतरभुजही आणि समलंबही. शाळा बदलून आलेली मुलं इथे हमखास अडकतात. तुमच्या पाठ्यपुस्तकात 'एकच' आहे की नाही ते आज रात्री उघडून पाहा, आणि उत्तराच्या पहिल्या ओळीत तीच व्याख्या लिहा.