शातो मार्गोची बाटली उघडण्याआधी

फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या मेदोक भागातल्या शातो मार्गो या द्राक्षमळ्याची रेड वाइन हाती आली, तर आधी लेबल नीट वाचा. बोर्दोच्या वाइन्सच्या १८५५च्या वर्गवारीत पहिल्या श्रेणीत बसलेली ती मुख्य वाइन वेगळी आणि 'पाव्हियों रूज' वेगळी. ही दुसरी त्याच मळ्यातली, किंमत बरीच कमी (तरी खिसा हलका करणारीच!) आणि लवकर पिण्याजोगी. दोन्हींत कॅबर्ने सोव्हिन्यों जातीच्या द्राक्षांचा वाटा मोठा, जोडीला मर्लो वगैरे.

बाटली दहा-पंधरा वर्षांहून जुनी असेल, तर आदल्या दिवशीच उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. बूच हलक्या हाताने काढा; जुनं बूच भुसभुशीत होऊन तुटतं. मग बाटलीच्या मानेमागे मोबाइलचा टॉर्च धरून वाइन काचेच्या जगमध्ये संथपणे ओता, गाळ मानेपाशी दिसला की थांबा. जुनी वाइन फार वेळ उघडी ठेवू नये, तिचा सुगंध उडून जातो. कोवळीला मात्र दोन-तीन तास हवा द्या, तुरटपणा निवळतो.

'रेड वाइन रूम टेंपरेचरला' हा सल्ला पुण्या-मुंबईत एप्रिलमध्ये पाळू नका. सोळा ते अठरा अंश हवेत, म्हणून आधी काही वेळ फ्रिजमध्ये.

सोबत कमी तिखटाचं भाजलेलं मटण छान. झणझणीत कोल्हापुरी रश्श्यापुढे या वाइनचं काही चालत नाही.