दहा मिनिटांत शार्लट कुशमन कशी उभी करायची

एकपात्री बसवायला माझ्याकडे जळगाव-धुळ्याच्या मुली येतात. हल्ली मी त्यांना शार्लट कुशमन देते. अमेरिकन रंगभूमीची ही पहिली मोठी नटी. बोस्टनला १८१६ साली जन्म, तिथेच १८७६ साली मृत्यू. एवढं निवेदकाला सांगू द्या, तुम्ही त्यात वेळ घालवू नका.

दहातली सहा मिनिटं न्यू ऑर्लिन्सला द्या. शार्लट आली होती गायिका म्हणून. मूळ आवाज खालच्या पट्टीचा, तिथे सतत वरच्या पट्टीत गावं लागलं आणि गळा बसला. हे दाखवायला खोकू नका. एक ओळ वर चढवा, मध्येच सोडा, थोडं थांबा आणि पुढचं वाक्य साध्या बोलण्याच्या आवाजात घ्या. उन्हाळ्यात तालीम असेल तर सकाळीच उरका. दुपारी आपल्याकडे न ओरडताही घसा कोरडा पडतो.

मग बार्टन नावाच्या नटाने तिला शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातली लेडी मॅकबेथ शिकवली. १८३६ सालची गोष्ट, बाई जेमतेम विशीतली. अंगावर घालायला पोशाखच नाही! उसना मिळाला तो एका बुटक्या, जाड नटीचा, कंबर हिच्या दुप्पट. शार्लट उंच, काटकुळी. शिवणी दाबून कसंबसं निभावलं. हा प्रसंग सोन्यासारखा आहे. आत्याचं किंवा मावशीचं ढगळ पोलकं आणा, प्रेक्षकांसमोर टाचण्या लावा आणि लावता लावताच बोला. हसू येऊ द्या. शेवटची टाचणी लागली की लेडी मॅकबेथचं पहिलं वाक्य. मध्ये संगीत नको.

हा भाग आधी घरी आजीला अहिराणीत सांगून बघा. ती 'मंग काय व्हयनं?' म्हणाली तर संहिता बरोबर. जांभई दिली तर काटछाट करा.

दोन मिनिटं रोमिओला. लंडनच्या हेमार्केट थिएटरात, डिसेंबर १८४५ मध्ये, शार्लट रोमिओ आणि सख्खी बहीण सुझन ज्युलिएट. तेव्हा चालणारी फेरफार केलेली प्रत बाजूला ठेवून त्यांनी शेक्सपिअरची संहिता घेतली. पुरुषाने बाई होणं आपल्या प्रेक्षकाला नवं नाही. जळगावच्या खुल्या नाट्यगृहालाच बालगंधर्वांचं नाव आहे, तमाशातली मावशीही सगळ्यांनी पाहिलेली. उलटं मात्र फारसं पाहिलेलं नसतं, म्हणून मुली घाबरून मिशी लावतात आणि घोगरं बोलतात. दोन्ही नको. पाय जरा फाकवून उभ्या राहा, पदराशी चाळा करायची सवय मोडा, नजर खाली घेऊ नका. पुरे होतं.

फिलाडेल्फियाचं वॉलनट स्ट्रीट थिएटर तिने चालवलं, यादवी युद्धात जखमी सैनिकांच्या मदतीसाठी खेळ केले. ही माहिती एकेका वाक्यात.

शेवटी निरोपाचं भाषण घालायचा मोह होईल. बाईंनी निरोपाचे खेळ इतक्यांदा केले की लोक चेष्टा करायचे. तुम्ही रोमिओवरच थांबा, नमस्कार करा आणि टाचण्या गोळा करून विंगेत जा. मागून येणारी मुलगी अनवाणी असते.